बयो, आधी नेट कुठून येणार ते बघ

एडिसन, न्यू जर्सी
नोव्हेंबर २००८

बयो,

डिसेंबरात येताना मी नोकियाचा एन८१० टॅबलेट आणावा की आयफोन, असं तू विचारलंयस. आमच्या घरात दोन्ही आहेत. आयफोन तुझ्या भाऊजींचा, एन८१० माझा. दोन्ही रोज हाताळते, म्हणून जाहिराती बाजूला ठेवून तुझ्याशी बोलता येईल. पण त्याआधी मला एक सांग. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर उभी राहिल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत तू जिथे जिथे असतेस, तिथे नेट कुठून येणार? याचं उत्तर दिलंस की निम्मा निर्णय झालाच म्हणून समज.

एन८१० मध्ये सिमकार्ड बसत नाही. त्याला फोन नंबर नाही, एसएमएस नाही. नोकियानं त्याला ‘इंटरनेट टॅबलेट’ म्हटलंय आणि ते खरंच तेवढंच आहे: खिशात मावणारा, नेटसाठी बनवलेला एक छोटा संगणक. वाय-फाय मिळालं तर त्यावरून चालतो, नाहीतर ब्लूटूथनं तुझ्या साध्या मोबाइलला जोडायचा आणि त्या मोबाइलच्या जीपीआरएसवरून नेट घ्यायचं. म्हणजे हा नुसता पोहरा आहे, विहीर तुझी तू शोधायचीस. आयफोनमध्ये सिम आहे, त्यामुळे जिथे रेंज तिथे नेट, मग ते कितीही हळू असो.

आता तुझा दिवस बघू. घरी बीएसएनएलचं डेटावन आहे, म्हणजे एक वाय-फायचा राउटर लावला की घरापुरता प्रश्न मिटला. ऑफिसात वाय-फाय असलं तरी तुझी खासगी वस्तू त्याला जोडू देतील असं धरून चालू नकोस. उरला लोकलचा प्रवास. तिथे वाय-फाय नाही, म्हणून टॅबलेट घेतलास तर पर्समधला मोबाइलच त्याला नेट पुरवणार. जोडणी एकदा करून ठेवली की मोबाइल पर्समधून बाहेर काढावा लागत नाही, ही त्यातली चांगली बाजू. पण दोन्हींची बॅटरी एकदमच उतरत जाते, आणि संध्याकाळी परतताना नेमका मोबाइल मरून पडला तर आईचा जीव टांगणीला लागतो. म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलीनं आयफोन थ्रीजी घेतला, हे वाचून तुझ्या प्रश्नाचं मूळ मला कळलं. २२ ऑगस्टला एअरटेल आणि व्होडाफोननं तो आपल्याकडे आणला, आठ जीबीचा ३१,००० रुपयांना आणि सोळा जीबीचा ३६,१०० रुपयांना. बयो, तुझी नोकरी लागून अजून वर्षही झालेलं नाही. कार्डावर हप्ते पाडून इतकी मोठी वस्तू घेणार असशील, तर त्या पैशात काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते ताईकडून एकदा नीट ऐकून घे.

नावातच थ्रीजी असलेला हा फोन आपल्याकडे थ्रीजीवर चालतच नाही, कारण ते जाळंच अजून सुरू झालेलं नाही. स्पेक्ट्रमचा लिलावही व्हायचाय. मुंबईत तो फोन एज या जुन्या जाळ्यावर चालतो, म्हणजे मागच्या वर्षी निघालेला पहिला आयफोन ज्या वेगानं चालायचा त्याच वेगानं. इथे थ्रीजीवर तुझे भाऊजी पान उघडतात तेव्हा ते चटकन येतं, आणि तोच फोन एजवर आला की पान हळूहळू वरून खाली भरत जातं. तेच पान तुला गर्दीच्या लोकलमध्ये, मुंब्र्याच्या बोगद्यात रेंज जात-येत असताना उघडायचंय, याचा विचार कर.

‘मग अमेरिकेतून आण ना, तिकडे १९९ डॉलरला मिळतो’ हे मला इथल्या प्रत्येक मराठी घरातून ऐकू येतं. तो १९९ डॉलरचा आकडा एटी अँड टीशी दोन वर्षांचा करार केला तरच लागू होतो, आणि तो फोन त्यांच्याच सिमला बांधलेला असतो. तुझं सिम त्यात घातलंस तर काही चालणार नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटात ‘अनलॉक करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मागच्या वर्षी सप्टेंबरात ॲपलनं १.१.१ हे नवं सॉफ्टवेअर आणलं, आणि अनलॉक केलेले कितीतरी आयफोन ते घातल्या घातल्या निकामी झाले. कष्टाचे पैसे अशा वस्तूत घालायचे आणि पुढच्या प्रत्येक अपडेटला धास्तावायचं, हे तुझ्या बाबतीत मला नको आहे.

‘आयपॉड टच घेतला तर?’ हेही तू विचारशीलच. सप्टेंबरात त्याची नवी आवृत्ती आली, इथे २२९ डॉलरपासून. पडदा आयफोनचाच, ब्राउझरही तोच, करार नाही, कुलूप नाही. घरात वाय-फायवर तो फार छान चालतो. पण तो ब्लूटूथनं मोबाइलला जोडता येत नाही, म्हणजे डोंबिवली ते सीएसटी त्याच्यावर फक्त गाणी ऐकायची.

हे झालं नेटचं. आता हातात धरल्यावर काय वाटतं ते सांगते, कारण दुकानातल्या दोन मिनिटांत ते कळत नाही.

आयफोनचा पडदा बोटानं चालतो, आणि बोटानंच. काचेवर एक बारीक विद्युतभार असतो, बोट टेकलं की तिथला भार बदलतो आणि फोनला जागा कळते. दाबावं लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. दोन बोटं एकदम ओळखतो, म्हणून चिमटीनं चित्र लहान-मोठं करता येतं. पान वर सरकवलं की ते हाताबरोबर सरकतं आणि सोडल्यावर हळूहळू थांबतं. बयो, हे मी मनापासून सांगते की इतकं सहज सरकणारं पान मी दुसऱ्या कुठल्याच वस्तूत पाहिलेलं नाही. ज्या माणसाला संगणकाची भीती वाटते त्याच्याही हातात तो द्यावा आणि काही न शिकवता त्यानं तो वापरावा, असं आहे ते.

एन८१० चा पडदा दाबावर चालतो. त्यात दोन पातळ थर असतात, वरचा दाबला की खालच्याला टेकतो आणि ती जागा मोजली जाते. त्यामुळे नख चालतं, पेनाचं टोपण चालतं, आणि कडेच्या खाचेतून निघणारी बारीक लेखणी तर त्यासाठीच असते. इथल्या जानेवारीत मी हातमोजे घालून तो वापरू शकते, आयफोन वापरता येत नाही. तुला हातमोज्यांचं काही नाही, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल्या हातांचं आहे. ओल्या बोटानं आयफोनचा पडदा गोंधळतो. उलट, एन८१० वर चिमटी नाही, एका वेळी एकच जागा त्याला कळते, आणि छोट्या दुव्यावर नेमकं टेकायला लेखणी काढावीच लागते. चालत्या गाडीत ती लेखणी पडली की पायांच्या गर्दीतून सापडायची नाही. एक जास्तीची घेऊन ठेवायला लागते.

वजन आणि माप बघ. आयफोन थ्रीजी १३३ ग्रॅम, एन८१० २२६ ग्रॅम. लोकलमध्ये उभं राहून एका हातानं कडी धरलेली असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आयफोन चालवता येतो. एन८१० ला दोन हात लागतात, म्हणजे बसायला जागा मिळाली तरच. तू सकाळी उभी असतेस आणि परतताना ठाण्यानंतर कधीमधी बसतेस, हे मला माहीत आहे. या एका बाबतीत आयफोन सरळ जिंकतो. तुझा वेळ प्रामुख्यानं उभ्यानं जाणार असेल, तर पुढचं सगळं वाचतानाही हे विसरू नकोस.

पण बसायला मिळालं, किंवा घरी गॅलरीत निवांत बसलीस, की पारडं फिरतं. एन८१० चा पडदा चार इंचांहून किंचित मोठा आणि त्यावर ८०० गुणिले ४८० ठिपके. आयफोनचा साडेतीन इंच, ४८० गुणिले ३२०. आकड्यांवर जाऊ नकोस, त्याचा परिणाम काय होतो ते सांगते. बहुतेक वेबसाइटी संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बांधलेल्या असतात. आयफोन आधी अख्खं पान मुंगीच्या अक्षरांत दाखवतो, मग तू दोनदा टेकून हवा तो रकाना मोठा करतेस, वाचतेस, पुन्हा लहान करतेस. एन८१० वर पानाची रुंदी जवळजवळ जशीच्या तशी मावते आणि अक्षर बारीक असलं तरी कोरीव दिसतं. तू लांब लेख वाचणारी मुलगी आहेस. दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतेस. तुझ्या डोळ्यांना कोणता पडदा मानवेल, ते मला ठाऊक आहे.

ब्राउझरबद्दलही बोलायला हवं. एन८१० चा ब्राउझर फायरफॉक्सच्या घराण्यातला आहे आणि त्यात फ्लॅश चालतं. आयफोनवर फ्लॅश नाही, म्हणून यूट्यूबसाठी ॲपलला वेगळं ॲप द्यावं लागलं, आणि ज्या साइटींची सगळी दारं फ्लॅशमध्ये आहेत तिथे आयफोनवर नुसता रिकामा चौकोन दिसतो. मात्र एन८१० चा प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्‌झचा आणि मेमरी १२८ एमबी. फ्लॅशचं पान उघडतं खरं, पण अडखळतं. व्हिडिओ झटके देत चालतो. जड पान उघडताना थांबावं लागतं, आणि तीन-चार पानं एकदम उघडी ठेवलीस तर तो दमतो. आयफोन जेवढं करतो तेवढं पटकन आणि न अडखळता करतो. तुझ्यासारख्या घाईच्या मुलीला हे थांबणं टोचेल, हे लक्षात ठेव.

आता लिहिण्याकडे येते, कारण माझ्या मनात तुझ्यासाठी खरं महत्त्व त्यालाच आहे. एन८१० चा पडदा वर सरकवला की खालून कीबोर्ड निघतो. बटणं छोटी आहेत, पण खरी आहेत, दाबल्याचं बोटांना कळतं. मी त्यावर आईला लांबलचक ई-मेल लिहिते, जसं हे तुला लिहितेय. आयफोनवर काचेवरची अक्षरं टिपायची, चूक झाली की तो स्वतःच शब्द बदलतो, आणि आपल्या नावा-गावांचे त्यानं केलेले हाल बघून जीव कासावीस होतो. त्यावर दोन ओळींचं उत्तर जातं, पानभर लिहिणं होत नाही. शिवाय आजच्या घडीला आयफोनवर मजकूर कापून दुसरीकडे चिकटवता येत नाही. आलेला एसएमएस पुढे पाठवता येत नाही. एमएमएस नाही, व्हिडिओ काढता येत नाही, ब्लूटूथनं मैत्रिणीला फोटो देता येत नाही. तुझ्या हातातला साधा फोन यातलं बरंच काही करतो. एकतीस हजार देऊन रोजच्या सवयीच्या गोष्टी सोडून द्यायच्या, याला मन तयार आहे का, ते बघ.

मराठीचं मुद्दाम वेगळं सांगते. कोणतीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर एखादं मराठी पान उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ‘विठ्ठल’, ‘कीर्ती’, ‘द्वंद्व’, ‘प्रार्थना’ असे शब्द असलेलं पान उघड. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी बसते का, रफार योग्य जागी जातो का, जोडाक्षर जोडलेलं दिसतं का की पाय मोडून पडतं, हे डोळ्यांनी बघ. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की हे बदलतं, त्यामुळे विक्रेत्याचा ‘हो मॅडम, सगळ्या भाषा चालतात’ हा शब्द पुरेसा धरू नकोस. माझ्या एन८१० वर तू हे स्वतः बघशीलच, तो मी बरोबर आणतेय. ऑफिसातल्या त्या मुलीचा आयफोनही दोन मिनिटं मागून घे आणि त्यावरही बघ.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. वस्तू विकत घेतल्यावर तिच्यात काय घालायचं ते कोण ठरवणार? आयफोनवर ॲप स्टोअर यंदाच्या जुलैत उघडलं, पहिल्या दिवशी पाचशेच्या आसपास ॲप्स होती, आता रोज नवी येतात. पण तिथे काय ठेवायचं आणि काय नाही, हे ॲपल ठरवतं. सप्टेंबरात ‘पॉडकास्टर’ नावाचं एक ॲप त्यांनी नाकारलं, कारण काय तर ते आयट्यून्सचंच काम करतं. एन८१० मध्ये मेमो ही प्रणाली आहे, लिनक्सवर उभी, डेबियनच्या वळणाची. जगभरातले लोक त्यासाठी सॉफ्टवेअर लिहितात आणि फुकट ठेवतात. तुला आवडेल तो मजकूर-संपादक घाल, पुस्तकं वाचायचं सॉफ्टवेअर घाल, नकाशे घरी वाय-फायवर उतरवून ठेव आणि बाहेर नेट नसताना बघ. कोणाची परवानगी लागत नाही. त्याचबरोबर, काही बिघडलं तर दुरुस्त करायची खटपटही आपलीच असते, इंग्रजीतल्या सूचना शांतपणे वाचून. तुला ते जमेल. कॉलेजात असताना बाबांचा जुना संगणक तूच उघडून बसायचीस.

नकाशांवरून आठवलं, एन८१० मध्ये जीपीएस आहे, पण पहिल्यांदा जागा शोधायला त्याला मोकळं आकाश आणि भरपूर वेळ लागतो. रिक्षावाला ‘कुठे घ्यायचं?’ विचारतोय आणि तू उपग्रहाची वाट बघतेयस, असं होईल. आयफोन मोबाइलच्या मनोऱ्यांवरून आणि वाय-फायवरून अंदाजे जागा लगेच सांगतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत दोघांकडूनही फार आशा धरू नकोस. आयफोनचा दोन मेगापिक्सेलचा आहे, एन८१० चा फक्त समोरून चेहरा दाखवण्यापुरता.

बॅटरीचं मात्र एक चांगलं आहे. एन८१० ला नोकियाचा बारीक पिनचा चार्जर लागतो, जो आपल्याकडे प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात, पानाच्या टपरीवरसुद्धा सापडतो. बॅटरी काढता येते, आणि ती नोकियाच्या ई७१ मध्ये बसते तीच आहे, त्यामुळे एक जास्तीची पर्समध्ये ठेवता येते. सलग नेट वापरलं तर चारेक तास, त्याहून फार पुढे जात नाही. आयफोनची बॅटरी आत बंद असते, ती थकली की फोन कंपनीकडेच न्यावा लागतो.

आता आईबद्दल. इथून मी कार्ड विकत घेऊन फोन करते आणि मिनिटं मोजत बोलते. एन८१० वर स्काइप आहे. त्याला मागे एक छोटा स्टँड आहे, दोन स्पीकर आहेत, माइक आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर तो उभा केला तर आई पोळ्या लाटता लाटता माझ्याशी बोलू शकते, आणि घड्याळाकडे बघायचं कारण उरत नाही. आयफोनवर स्काइपचं स्वतःचं ॲप अजून आलेलं नाही. तुझ्या प्रश्नात आई नव्हती, पण माझ्या उत्तरात ती येणारच.

घरी वाय-फाय लावशील तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला डब्ल्यूपीएचा पासवर्ड लाव. जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, आणि माग काढत पोलीस त्याच घरी पोचले. राउटर बसवायला येणारा माणूस ‘नंतर लावा’ म्हणेल. त्याच्यासमोरच लाव. आणि डेटावनच्या ज्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोजत नाहीत, तो असेल तर मोठ्या फायली तेव्हाच उतरवत जा.

मग माझं मत काय? तुझ्यासाठी एन८१०. कारण तुझ्याकडे चांगला चालणारा मोबाइल आहे, घरी ब्रॉडबँड आहे, आणि तू वाचणारी-लिहिणारी आहेस. गेल्या वर्षी ऑक्टोबरात जाहीर झाला तेव्हा त्याची किंमत ४७९ डॉलर होती, आता दुकानांत ती बरीच उतरली आहे. डॉलर पन्नास रुपयांना भिडलाय हे धरूनही आयफोनच्या एकतीस हजारांपेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडेल. हप्ते नकोत, कंपनीशी बांधून घेणं नको. इथे ‘वायमॅक्स एडिशन’ नावाचा त्याचाच महागडा भाऊ मिळतो. त्याचं जाळं स्प्रिंटनं सप्टेंबरअखेर जेमतेम बाल्टिमोरमध्ये सुरू केलंय, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही.

पण बयो, हे मत डोळे मिटून घेऊ नकोस, कारण त्यात एक अडचण आहे आणि ती मी तुझ्यापासून लपवणार नाही. फोन वेगळा आणि नेटची पाटी वेगळी, हे फार वर्षं चालेल असं मला वाटत नाही. खुद्द नोकियानंच सप्टेंबरात सांगून टाकलंय की मेमोच्या पुढच्या आवृत्तीत मोबाइल नेटवर्कची सोय असेल आणि ती अधिक ताकदीच्या प्रोसेसरसाठी असेल. आज आणलेला एन८१० तेव्हा मागे पडेल. २००५ साली निघालेल्या नोकियाच्याच ७७० या टॅबलेटचं हेच झालं, दोन वर्षांत नवी प्रणाली आली आणि त्याला ती कंपनीकडून अधिकृतपणे मिळाली नाही. इकडे गूगलची अँड्रॉइड प्रणाली घातलेला जी१ गेल्याच महिन्यात टी-मोबाइलनं विकायला काढलाय, सरकवायच्या कीबोर्डसह. नोकियानंही ५८०० हा टचस्क्रीनचा फोन जाहीर केलाय. वर्ष-दीड वर्षात तुझ्यासमोर आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पर्याय असतील आणि आपल्याकडे थ्रीजीही आलेलं असेल.

म्हणून खरा प्रश्न तू स्वतःला असा विचार: पर्समध्ये दुसरी वस्तू मी रोज ठेवीन का, आणि रोज बाहेर काढीन का? मोबाइल, डबा, छत्री, पाण्याची बाटली, पुस्तक एवढं घेऊन चढताना तो टॅबलेट घरीच राहू लागला, तर त्याचा मोठा पडदा आणि खरा कीबोर्ड कपाटात पडून राहतील. तसं होण्याची थोडी जरी शक्यता वाटत असेल, तर आत्ता काहीच घेऊ नकोस. आहे तो मोबाइल वापर, पैसे बाजूला टाक आणि थ्रीजी आल्यावर, दोन-तीन फोन हाताळून बघून, मग एकच चांगला घे. त्या वेळी तो आयफोन असला तरी ताई खुशीनं ‘घे’ म्हणेल. आत्ता ऑफिसातल्या टेबलावर दुसरीचा दिसतो म्हणून घेतलास, तर मात्र मला वाईट वाटेल, कारण हप्ते भरताना ती तुझ्या शेजारी नसणार.

मी आल्यावर पहिले काही दिवस माझा एन८१० तुझ्याकडेच ठेव. रोज पर्समध्ये घालून ऑफिसला ने, लोकलमध्ये काढ, घरी गॅलरीत बसून वाच, आईला स्काइपवर कोणाशी तरी बोलायला लाव. नवा मागवायचा की नाही, ते त्यानंतर ठरवू. माझ्या मैत्रिणीचा भाऊ फेब्रुवारीत ठाण्याला येणार आहे, त्याच्याबरोबर तो पाठवता येईल.

तोवर माझं एक काम कर. तुझ्या हँडसेटच्या बॅटरीखाली मॉडेलचा क्रमांक छापलेला असतो, तो मला कळव, म्हणजे तो ब्लूटूथवरून नेट पुरवतो की नाही ते मी बघून ठेवते. कंपनीच्या माणसाला फोन करून तुझ्या प्लॅनमध्ये जीपीआरएसचे पैसे महिन्याचे ठरलेले आहेत की किलोबाइटवर मोजतात, ते विचार. किलोबाइटवर असेल तर आधी तो बदलून घे, नाहीतर पहिल्याच महिन्याचं बिल बघून बाबा मला फोन करतील. आणि आईला विचार, तिला कानात घालायचे हेडफोन हवेत की कानांवर बसणारे. ते मी आणतेच आहे.

तुझी,
ताई